मिठाची पोती आणि एक मेख

बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. एक तर रिलीज होतं, आणि दुसरं कारण जरा वेगळं आहे, ते पुढे येईलच. मागच्या शनिवारी घरी संभाजीनगरला गेलो होतो. रविवारी सकाळी चहा झाल्यावर बाबा म्हणाले, "चल, देवगिरीला जाऊन येऊ. लहानपणी तुला खांद्यावर घेऊन गेलो होतो, आता तू मला ने." आमच्या घरापासून किल्ला पंधरा-सोळा किलोमीटर. शाळेच्या सहली धरून मी तिथे किमान दहा वेळा तरी गेलो असेन. पण प्रस्तरारोहण शिकल्यानंतर एकदाही गेलो नव्हतो.

फरक खंदकावरच्या पुलावर उभं राहिल्याबरोबर कळला. लहानपणी तिथे उभं राहून आम्ही खालच्या पाण्यात मासे दिसतात का ते बघायचो. यावेळी मान आपोआप वर गेली. समोर सरळसोट, हाताने तासलेला कातळकडा. साधारण ५० मीटर, म्हणजे पंधरा-सोळा मजल्यांची इमारत. सवयीने डोळे भेग शोधायला लागले. कुठे मेख बसेल, कुठे पाय ठेवायला जागा आहे, कुठे थांबून बिले देता येईल. पाच मिनिटं बघत होतो. काहीच मिळालं नाही.

बाबा बाजूला उभे होते. म्हणाले, "काय रे, तुमच्या त्या खिळ्यांनी हे चढता येतंय का?"

मी म्हटलं, "बाबा, हे संरक्षित स्मारक आहे, इथे खिळा ठोकला तर पुरातत्त्ववाले आत टाकतील."

"ते झालं रे. पण तेव्हाच्या माणसाला आलं असतं का?"

प्रश्न भारी होता. हा लेख म्हणजे त्याचं उत्तर. जरा लांबचं आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आधी थोडं तांत्रिक. कडा चढायचे ढोबळमानाने दोन प्रकार. एकात तुम्ही हातापायांच्या जोरावर खडकाला धरून चढता, आणि दोर फक्त पडलात तर वाचवायला असतो. दुसऱ्यात खडक धरायला काही देतच नाही. मग भेगेत मेख ठोकायची, तिला कॅराबिनर लावायचा, त्याला नायलॉनच्या पट्ट्यांची चार-पाच पायऱ्यांची छोटी शिडी अडकवायची, त्या शिडीत उभं राहायचं आणि हात पुरेल तिथे पुढची मेख ठोकायची. याला एड क्लाइंबिंग म्हणतात, आपल्याकडे कृत्रिम प्रस्तरारोहण. शिडीला एट्रियर म्हणतात. हे काम इतकं सावकाश चालतं की खाली बिले देणाऱ्याला डुलकी लागते. एका तासात दहा-पंधरा फूट गेलात तरी बरं चाललंय म्हणायचं.

या प्रकाराची काशी म्हणजे अमेरिकेतलं योसेमिटी खोरं. तिथला एल कॅपिटन हा ग्रॅनाइटचा कडा सुमारे ३००० फूट उंच आहे. त्याच्या नाकाडावरून पहिली चढाई १९५८ मध्ये वॉरन हार्डिंग आणि त्याच्या साथीदारांनी पूर्ण केली. प्रत्यक्ष चढाईचे दिवस ४५, पण ते दीड वर्षात विखुरलेले. म्हणजे थोडं चढायचं, दोर तिथेच बांधून ठेवायचे, खाली उतरायचं, सामान भरायचं, पुन्हा त्याच दोरांवरून वर जायचं. काही रुंद भेगांना बसतील एवढ्या मोठ्या मेखा बाजारात मिळत नव्हत्या, म्हणून जुन्या स्टोव्हचे पाय कापून त्यांच्या मेखा केल्या. त्या भेगांना आजही स्टोव्हलेग क्रॅक्स म्हणतात. आपण ज्याला जुगाड म्हणतो तो हाच.

गंमत म्हणजे या पद्धतीला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा सरळ अर्थ वेढा. कड्याला वेढा घालून बसायचं आणि तो थकेपर्यंत हटायचं नाही.

आता ग्रॅनाइटला ज्या लांबच लांब उभ्या भेगा असतात त्या आपल्याकडे नाहीत. आपला दगड बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला. थराच्या सांध्यात माती, वर सुटे धोंडे, आणि मेख ठोकली तर कधी आत घट्ट बसते तर कधी अख्खा कपचाच हातात येतो. चांगल्या भेगेत मेख जात असताना हातोड्याच्या प्रत्येक घावागणिक तिचा आवाज चढत जातो, अगदी सूर लावल्यासारखा. आवाज बद्द आला तर समजायचं, आत पोकळ आहे.

देवगिरीच्या कड्यात तर तोही प्रश्न नाही, कारण भेगच ठेवलेली नाही. यादवांच्या काळात या डोंगराच्या खालच्या उतारावरचा दगड छिन्नी-हातोड्याने तासून काढला आणि सभोवती उभी भिंत केली. खाली कातळातच खोदलेला खंदक. इथून वेरूळ जेमतेम पंधरा किलोमीटरवर. डोंगर वरून खाली कोरत नेऊन त्यातून कैलास लेणं काढणाऱ्यांच्या मुलखातलं हे काम आहे. कैलासात देव आणि हत्ती कोरले, इथे 'काहीच नाही' कोरलंय. एक पाऊल टेकायला जागा राहू नये, हेच इथलं शिल्प! शहाजहानच्या दरबारातल्या अब्दुल हमीद लाहोरीने लिहून ठेवलंय की या कड्यावर मुंगी किंवा सापसुद्धा चढू शकणार नाही. कवीपणा वजा केला तरी एखाद्या क्लाइंबरने दिलेला रिपोर्ट म्हणून तो बरोबर आहे.

आणि वर जायची वाट? आज आपण अंधारीतून जातो, टॉर्च लावून, वटवाघळांचा वास सहन करत. १३४० च्या दशकात इब्न बतूता इथे आला होता. त्याने लिहिलंय की वरच्या किल्ल्यावर जायला चामड्याची शिडी होती आणि रात्री ती वर ओढून घेत. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. चामड्याची, गुंडाळता येणारी, वरून सोडायची शिडी! आमच्या एट्रियरची पणजी म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की ती फक्त आतल्यांसाठी होती.

मग बाबांचा प्रश्न. त्या काळच्या माणसाला हे चढता आलं असतं का?

त्या काळात कडे चढत नव्हते असं नाही. फ्रान्समध्ये १४९२ साली राजा आठव्या चार्ल्सच्या हुकुमावरून आंत्वान द व्हील नावाचा त्याचा अधिकारी माँ एगुईय नावाच्या चारी बाजूंनी तुटलेल्या डोंगरावर शिड्या आणि दोर लावून चढला होता. पण आपल्याला लागू पडणारं उदाहरण जवळचं आहे, गुजरातेतलं चांपानेर, साल १५३५.

हुमायून किल्ल्याला वेढा घालून बसला होता. एकदा त्याला जंगलातून येणारी काही माणसं दिसली. चौकशी केल्यावर कळलं की ही माणसं धान्य आणि तूप कड्याच्या पायथ्याशी नेतात, आणि किल्ल्यातले लोक ते दोराने वर ओढून घेतात. म्हणजे त्या बाजूला कडा इतका उभा होता की पहारा जवळजवळ नव्हताच. कुणी येईल असं वाटतच नव्हतं ना! हुमायूनने सत्तर-ऐंशी पोलादी मेखा करून घेतल्या आणि रात्री त्या कड्यात डावीकडे-उजवीकडे, गजागजाच्या अंतरावर ठोकत माणसं वर पाठवली. 'अकबरनाम्या'त आकडेसुद्धा दिलेत. ३९ जण चढून गेल्यावर चाळिसावा बैरामखान आणि एक्केचाळिसावा स्वतः हुमायून. एकूण तीनशे लोक वर गेले आणि किल्ला पडला. प्रोजेक्ट मॅनेजर ४१ वा चढला, पण चढला हे महत्त्वाचं :)

एल कॅपिटनच्या सव्वाचारशे वर्षं आधी आपल्याकडे हे झालंय. मेख, हातोडा, एकामागून एक पायरी. नाव फक्त नंतर मिळालं.

आणि आपलं सिंहगड विसरून कसं चालेल? १६७० ची ती रात्र. घोरपडीची गोष्ट आपण सगळे ऐकत मोठे झालो. पण शिवाजी महाराजांच्या दरबारात वावरलेल्या सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. तिथे दोन निवडक मावळे वानरासारखे कडा चढून जातात, वरून माळ लावतात, म्हणजे दोराची शिडी, आणि तिच्यावरून तानाजी आणि तीनशे माणूस वर जातं. कुठल्याही क्लाइंबरला विचारा, हे वर्णन घोरपडीपेक्षा कितीतरी पटणारं आहे. आजही हेच करतात. एक-दोन जण पुढे चढतात, दोर बांधतात, बाकीचे त्या दोरावरून येतात. मला राहून राहून त्या दोघांचं वाटतं. त्यांना वरून दोर नव्हता. बखरीत त्यांची नावंही नाहीत.

आता देवगिरीचा हिशोब मांडू. पुलावर उभं राहून बाबांना मी तोंडीच करून दाखवला. भेग नाही, म्हणजे प्रत्येक पायरीला भोक पाडणं आलं. दर मीटरला एक धरलं तर पन्नास भोकं. बेसॉल्टमध्ये हाताने एक भोक पाडायला मला अर्धा तास लागतो. म्हणजे सलग पंचवीस तास. वर पहारा, खाली खंदक, आणि रात्रीच्या शांततेत हातोड्याचा टण् टण् आवाज. वरून एक धोंडा सोडला की संपलं. चांपानेरला निसर्गाने केलेला कडा होता, खरबरीत, झाडीचा. इथे माणसाने विचार करून केलेला आहे. ज्याने तो तासला त्याला चढणाऱ्याचं डोकं नक्की कळत होतं.

"म्हणजे नाही," बाबा म्हणाले.

"नाही."

"मग किल्ला पडला कसा? एकदा नाही, कितीदा तरी पडला."

हेच तर आहे. हा किल्ला कडा चढून कुणी घेतल्याचं माझ्या वाचनात एकदाही आलेलं नाही. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी काही हजार घोडेस्वार घेऊन अचानक आला. रामदेवरावांचं मुख्य सैन्य युवराजाबरोबर बाहेर होतं. राजाने गडाचा आसरा घेतला. कडा होता, पाणी होतं, आणि घाईघाईत धान्याची पोतीही वर चढवली होती. कोकणातून आलेले व्यापारी ती खाली टाकून पळाले होते. वेढा चालू राहिला, युवराज परत आला, लढला, हरला. मग गडावर पोती उघडली, तर आत धान्य नव्हतंच. मीठ होतं. तह करावा लागला.

ही गोष्ट फिरिश्ता सांगतो, आणि तो सुमारे तीनशे वर्षांनी लिहीत होता, तेव्हा तिला मीठ लावूनच घ्यायला हवं. पण पुढचं बघा. १६३३ मध्ये शहाजहानचा सरदार महाबतखान आला. त्याने कड्याकडे वाकडी नजरही केली नाही. बाहेरच्या तटांखाली सुरुंग लावून ते उडवले आणि रसद तोडली. आत निजामशाहीचा फत्तेखान होता, मलिक अंबरचा मुलगा. शहाजीराजे आणि विजापूरची फौज बाहेरून दाणागोटा आत पोचवायला धडपडत होती, जमलं नाही. जूनमध्ये उपाशी गडाने दरवाजे उघडले. कडा तसाच्या तसा उभा होता, आजही आहे.

म्हणजे साडेतीनशे वर्षांच्या अंतराने एकच गोष्ट दोनदा. कड्यात चूक नव्हती. ज्या गोष्टीकडे कुणी दुसऱ्यांदा बघितलं नाही तिथे चूक होती. एकदा पोत्यात, एकदा कोठारात.

इथपर्यंत मी मजेत बोलत होतो. बारादरीच्या पायऱ्यांवर आम्ही दम खायला बसलो होतो, बाबा शेंगा सोलत होते. ते सहज म्हणाले, "एक पोतं तरी फोडून बघायचं ना आधी. हात घालून बघायला किती वेळ लागतो?"

आणि मी गप्प झालो.

बरेच दिवस काही लिहिलं नाही त्याचं दुसरं कारण आता सांगतो. पावसाळा संपल्यावर आम्ही चौघे सह्याद्रीतल्या एका सुळक्यावर गेलो होतो. वरचा टप्पा थोडा ओव्हरहँग, म्हणजे पोटाकडून बाहेर आलेला, आणि त्याच्या खाली एक अरुंद कंगोरा. पहिल्या दिवशी पुढे मी होतो. अंधारायला आलं तेव्हा ओव्हरहँगच्या सुरुवातीला मी शेवटची मेख ठोकली. आवाज मला फारसा आवडला नव्हता. नियम असा की नवीन मेखेवर आधी हळू वजन टाकायचं, मग हिसके देऊन बघायचं, आणि मगच तिच्यावर विसंबायचं. दोन मिनिटांचं काम. पण बोटं बधिर झाली होती, खालून "चल रे, उशीर झाला" चालू होतं. मी तिला कॅराबिनर लावून ठेवला आणि खालच्या बोल्टवरून उतरलो. त्या मेखेवर माझं वजन कधी पडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढे माझा मित्र गेला. त्या मेखेपाशी पोचल्यावर त्याने वरून विचारलं, "ही टेस्ट केलीय ना?"

मी म्हणालो, "हो."

का म्हणालो ते अजून नीट सांगता येत नाही. रात्री झोपताना लक्षात होतं की राहिलंय. सकाळी सगळ्यांसमोर 'नाही' म्हणायची लाज वाटली असेल. तो शिडीत उभा राहिला आणि मेख निघाली. फार नाही पडला, बारा-पंधरा फूट, खालच्या बोल्टने त्याला धरलं. ओव्हरहँगवरून पडणं दिसतं भयंकर, पण तिथे आपटायला काही नसतं. त्याचा पाय खालच्या कंगोऱ्यावर आपटला. घोटा मोडला. त्याला खाली आणायला आम्हाला संध्याकाळ झाली. सहा आठवडे प्लास्टर, मग फिजिओ. सगळ्यांनी म्हटलं, बेसॉल्ट आहे, असं होतं. मीही तेच म्हटलं. ऑफिसात एखादा बग प्रॉडक्शनला गेला की आम्ही कारणांची मुळं शोधत तासन्‌तास मीटिंगा घेतो. इथे मूळ मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं आणि मी दगडावर ढकलून मोकळा झालो होतो. त्यानंतर दोराला हात लावलेला नाही.

हे सगळं बाबांना तिथेच पायऱ्यांवर सांगितलं. घरी फक्त 'मित्र पडला' एवढंच माहीत होतं. बाबा रागावतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ शेंगाच सोलत राहिले. मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? ज्याचा पाय मोडला त्याला सांग."

वर माथ्यावर एक तोफ आहे, तिथे रेंज चांगली येते. बाबा तोफेवरची अक्षरं बघत राहिले आणि मी बाजूला जाऊन मित्राला फोन लावला. सरळ सांगितलं. टेस्ट केली नव्हती, आणि तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो.

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाला, "तेव्हाच सांगायचं होतंस रे. तिकडून खाली येताना तरी."

"हो."

"आणि टेस्ट मी पण करायला हवी होती. मी ज्याच्यावर लटकणार ते मीच बघायला पाहिजे. मी तुला विचारून मोकळा झालो." मग जरा थांबून, "मला राग आलाय हां पण. दोन दिवस फोन करू नकोस."

ठीक आहे म्हटलं. दोन दिवसांनी त्याचाच मेसेज आला. फिजिओवाल्याने पुढच्या महिन्यापासून चढायला परवानगी दिली आहे, साध्या कातळावर, आणि पहिल्या दिवशी बिले द्यायला मी यायचंय. वर एक ओळ, मेखांची पिशवी तो आणणार आहे आणि प्रत्येक मेख तो स्वतः बघणार आहे. माझ्यावर त्याचा आधीसारखा विश्वास नाही हे त्यात लिहिलेलं नाही, पण आहे. ते बरोबरच आहे.

उतरताना पुन्हा त्या पुलावर थांबलो. ऊन कड्यावर तिरपं पडलं होतं आणि छिन्नीच्या खुणा जाणवत होत्या. बाबा म्हणाले, "एवढा दगड तासला बघ या लोकांनी. आणि मिठाने घात केला."

मी म्हटलं, "मिठाने नाही हो बाबा, न उघडलेल्या पोत्याने."

"तेच ते," म्हणाले आणि गाडीची किल्ली माझ्याकडे दिली.

असो. फार लांबलं. देवगिरीला जाल तेव्हा अंधारीत टॉर्च न्या, पाणी न्या, आणि पुलावर पाच मिनिटं मान वर करून उभे राहा.